तिसरा चौकोन

विनफोर्ड, हार्लो काउंटी
२२ ऑगस्ट २०१४

प्रिय लॉवेल,

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणाले, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. म्हणून हे पत्र.

मला चलान मिळालं आहे. घाबरू नकोस, कुणाला धडकले नाही. परवा बुधवारी नेहमीसारखी व्हिव्हियन मावशीकडे निघाले होते, मागच्या सीटवर दालचिनीचे रोल, शेजारच्या सीटवर पेपर. ह्रुस्काच्या शेताच्या कोपऱ्यावर, जिथे आपला मातीचा रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे शेरीफकडचा एक पोलीस मक्यापलीकडे गाडी लावून बसला होता. माझ्या मागे दिवे लावत आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्टॉपच्या पाटीला थांबला नाहीत."

मी म्हटलं, "थांबले होते."

"मला दिसलं नाही."

"तुला दिसलं नाही म्हणजे मी थांबले नाही, हे कुठल्या शाळेत शिकवतात?" मी म्हटलं. हे बोलायला नको होतं बहुतेक.

मका यंदा गाडीच्या टपाच्या वर गेला आहे, आणि ह्रुस्काने तो पार चरापर्यंत पेरला आहे. पाटीपाशी उभं राहिलं तर दोन्हीकडचं काही दिसत नाही. म्हणून मी पाटीपाशी थांबते, तुझे बाबा शिकवून गेले तसे तीन आकडे मोजते, आणि मग इंच इंच पुढे सरकून रस्ता बघते. पोलिसाला दिसलं ते सरकणं. थांबणं मक्याआड राहिलं.

त्याने एक पिवळा कागद दिला आहे. मागे तीन चौकोन आहेत, त्यातल्या एकात खूण करून कोर्टात द्यायचा. वीस दिवस आहेत. विचार करते आहे. व्हिव्हियनने ऐकून टाळ्या वाजवल्या. तिला दिसत नाही, पण वृद्धाश्रमात बसून काउंटीभरच्या भानगडींची चव तिला घ्यायची असते, आणि आता बहिणीचीच भानगड मिळाली.

आई

*

टुसॉन
२८ ऑगस्ट २०१४

प्रिय आई,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी हार्लो काउंटी कोर्टाच्या साइटवर गेलो. तिथे आडनाव टाकलं की चलानांच्या सगळ्या नोंदी समोर येतात. मला वाटलं होतं एक दिसेल. तीन दिसली. गेल्या वर्षी शाळेसमोर जोरात गाडी चालवल्याबद्दल एक. फेब्रुवारीत बँकेबाहेरचा खांब पाडल्याबद्दल एक. हे मला कधी सांगणार होतीस?

आई, तू एकोणऐंशी वर्षांची आहेस. मी विमा कंपनीत दिवसभर लोकांचे दावे निकाली काढतो. "पोलीस खोटं बोलतोय" म्हणणारी माणसं मी रोज बघतो, आणि वर्षभर भांडून शेवटी तीही तेवढेच पैसे भरतात, वर रक्तदाब वाढवून घेतात. एका पाटीसाठी तू कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यास असं मला अजिबात वाटत नाही.

तेव्हा तो पिवळा कागद डोक्यातून काढून टाक. विषय संपला असं समज. रात्री नीट झोप.

इथे एकशे आठ डिग्री फॅरनहाइट ऊन आहे. मावशीला माझा नमस्कार.

लॉवेल

*

विनफोर्ड
२ सप्टेंबर २०१४

प्रिय लॉवेल,

खांबाचं सांगणार होते. खांब आधीच वाकडा होता.

तू "विषय संपला असं समज" लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. आधी रागावलास खरा, पण शेवटी आईचा शब्द तुला पुरतो एवढं कळलं. तेवढ्या बळावर मी आज सकाळीच कोर्टात गेले.

चौकोन असे आहेत. पहिला: गुन्हा कबूल, दंड भरतो. दुसरा: कबूलही नाही नि वादही नाही, दंड भरतो. तिसरा: मी दोषी नाही, माझं म्हणणं ऐका. मी तिसऱ्या चौकोनात अशी खूण केली की कागद फाटायचा राहिला. खिडकीशी मार्लीन कुबिक होती. चर्चच्या गायनात चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी राहते, पण खिडकीपलीकडे बसली की ओळख दाखवत नाही, फक्त शिक्का मारते. सात ऑक्टोबरची तारीख दिली आहे. जाताना हळूच म्हणाली, "निळा कोट घालून ये, न्यायाधीशांच्या आईकडे तसाच आहे."

मी ह्रुस्काकडून पाटीचे फोटो काढून घेतले आहेत. मका कापायच्या आत काढायला हवे होते, कापल्यावर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? एक फोटो पाटीपाशी उभं राहून, एक पोलीस बसला होता तिथून. दुसऱ्यात पाटीच दिसत नाही, नुसता मका. ह्रुस्का स्वतः येणार आहे सांगायला. पेरणी चुकली हे तो आयुष्यात पहिल्यांदा कबूल करतोय.

तुला वाटेल म्हातारी हट्टाला पेटली आहे. पण हट्ट नाही. तिसरी नोंद दोषी म्हणून चढली की लायसन्स ऑफिस पुन्हा परीक्षेला बोलावतं, आणि माझ्या वयाला त्या परीक्षेची मला हौस नाही. लायसन्स गेलं की बुधवार गेला. व्हिव्हियनकडे एकोणीस मैल मी काही चालत जाऊ शकत नाही.

आई

*

टुसॉन
९ सप्टेंबर २०१४

प्रिय आई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू कोर्टात कागद देशील असं मला वाटलं नव्हतं. असो, दिलास तर दिलास. तारीख अजून लांब आहे, तोवर काय होतं बघू.

इथे ऑफिसात फार धावपळ आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. मांजराची औषधं वेळेवर दे.

लॉवेल

*

विनफोर्ड
१८ सप्टेंबर २०१४

प्रिय लॉवेल,

तुला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून विचारते.

काल बुधवार. व्हिव्हियनला पेपर वाचून दाखवायची आमची एक रीत आहे: आधी मृत्यू, मग कोर्टाचा रकाना. या आठवड्यात काउंटीत कुणाला कशाबद्दल दंड झाला ती सगळी यादी. व्हिव्हियनला तो रकाना रोलपेक्षा गोड लागतो. मी वाचत होते: अमका, जास्त वेग. तमका, पट्टा न लावता. आणि वाचता वाचता मी वाचून गेले: आर्डिथ नॉरबर्ग, स्टॉपची पाटी, दोषी, दंड भरला.

व्हिव्हियन म्हणाली, "ही तूच का गं?"

मी म्हटलं, "काउंटीत दुसरी आर्डिथ नॉरबर्ग कुठून आणू?"

वृद्धाश्रमासमोरच कोर्ट आहे. तशीच रस्ता ओलांडून गेले. मार्लीन म्हणाली, "आर्डिथ, तू कागद दिलास त्याच्या सहा दिवस आधी ऑनलाइन दंड भरला गेलाय. नोंद उशिरा चढली. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल. मग चौकोनात काही का लिहिलेलं असेना, सुनावणी रद्द."

"मी भरला नाही."

"मग तुझ्या माणसांपैकी कुणी भरला असेल. ज्याने भरला त्याने सहा ऑक्टोबरच्या आत लिहून द्यायचं, की हिला न विचारता भरला. न्यायाधीश केस परत उघडतात. घरात विचारून बघ."

"माझ्या घरात मी आणि मांजर."

"लॉवेल?"

मी म्हटलं, "लॉवेल मला विचारल्याशिवाय असं काही करणार नाही."

तिने समोरचा कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं चोराच्या मनात चांदणं. मग मी म्हटलं, "तूच माझा कागद दुसऱ्याच्या चलानात घुसडलास आणि आता मशीनवर ढकलते आहेस." मागे रांगेत सहा माणसं होती. मी हळू बोलायला हवं होतं, पण मला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते हल्ली कळत नाही.

तर विचारते: मशीन असं चुकू शकतं का? चुकलं असेल तर ते सहा तारखेच्या आत कसं सिद्ध करायचं?

आई

*

टुसॉन
२६ सप्टेंबर २०१४

प्रिय आई,

मशीन चुकतात. आमच्याकडेही चुकतात. नक्की काय झालं असेल ते इथे बसून सांगणं कठीण आहे. मी कोर्टात फोन करून बघतो. तू त्रास करून घेऊ नकोस, आणि मार्लीनशी आता आणखी बोलू नकोस.

लायसन्स ऑफिस प्रत्येकाला बोलावतंच असं नाही. उगाच आधीच काळजी कशाला?

लॉवेल

*

विनफोर्ड
६ नोव्हेंबर २०१४

प्रिय लॉवेल,

सहा ऑक्टोबर आली नि गेली. सातला मी निळा कोट घालून स्वयंपाकघरात बसले होते, काही कारण नव्हतं. तू कोर्टात फोन करणार होतास, त्याचं पुढे काय झालं ते तू एकाही रविवारी सांगितलं नाहीस. माणसं कामात असतात, मला समजतं.

लायसन्स ऑफिसचं बोलावणं आलं. नऊ ऑक्टोबरला ह्रुस्का घेऊन गेला. गाडी चालवायची वेळच आली नाही. आधी डोळे. उजव्या डोळ्यात मधोमध एक धुरकट ठिपका आहे, तुला सांगितलं नव्हतं, दोन वर्षं झाली. डावा चांगला आहे. डाव्याने मी आयुष्यभराचे रस्ते बघू शकते. पण त्यांना दोन्ही हवे होते. बाईंनी लायसन्स घेऊन खणात टाकलं आणि त्याऐवजी फोटोचं एक कार्ड दिलं. फोटोत मी रागावलेली आहे.

मका कापला. आता ती पाटी अर्ध्या मैलावरून दिसते.

व्हिव्हियनकडे ऑक्टोबरात दोनदा गेले. एकदा ह्रुस्काच्या ट्रकमधून, एकदा पाद्रीबुवांबरोबर. दोघांनाही काम होतं, अर्ध्या तासात उठवलं. पेपर पूर्ण वाचून झाला नाही. ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी पुरा कर." पुढचा बुधवार कोणता हे मला माहीत नव्हतं, मी "बरं" म्हटलं.

मार्लीन माझ्यापासून तीन मैलांवर राहते, आणि रोज सकाळी कोर्टात जाताना माझ्या दारावरून जाते. एरवी हॉर्न वाजवून थांबली असती, म्हणाली असती, "चल, बस." पण चर्चच्या जेवणात मी बायकांना सांगून बसले, की मार्लीनच्या हातून माझा कागद गहाळ झाला आणि ती कबूल करत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती आता गायनात पार दुसऱ्या टोकाला उभी राहते. आणि मी सकाळी खिडकीतून तिची गाडी जाताना बघते. तिने येऊन चूक कबूल केली तर मी लगेच माफ करीन. मोठ्या मनाची आहे मी तशी.

आई

*

टुसॉन
१९ डिसेंबर २०१४

प्रिय आई,

मावशीच्या अंत्यविधीला आलो, तीन दिवस तुझ्याजवळ होतो, आणि जे सांगायला आलो होतो ते न सांगता परत आलो. आता लिहितो. लिहिताना तू समोर नसतेस, हाही भित्रेपणाच.

दंड मी भरला.

सत्तावीस ऑगस्टला, तुझं पहिलं पत्र हातात असताना. नाव टाकलं, चलान सापडलं, खाली "भरा" असं बटण होतं. कार्डाचा नंबर टाकला नि पाच मिनिटांत मोकळा झालो. मला वाटलं तुझ्यावरचं एक ओझं उतरवलं. तुला नंतर सांगून चकित करणार होतो. बटणाच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पैसे भरणं म्हणजे दोष कबूल करणं. मी ते वाचलं होतं, आई. आमच्याकडे सगळेच भरतात, त्यात कबूल करण्यासारखं काही असतं असं माझ्या मनात आलं नाही.

मग तुझं तिसऱ्या चौकोनाचं पत्र आलं. तेव्हाच फोन उचलायला हवा होता. वाटलं, कोर्ट ते पैसे परत पाठवेल, आपोआप निस्तरेल. मग तू लिहिलंस, "लॉवेल मला विचारल्याशिवाय असं काही करणार नाही." ते वाक्य वाचल्यावर माझी जीभच उचलेना. सहा ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे दोन आठवडे होते. एक पान लिहून पाठवायचं होतं. रोज ऑफिसात मी लोकांना सांगतो की मुदतीनंतर आलेला कागद आम्ही बघत नाही, आणि घरी येऊन मुदत मोजत बसायचो. सहा तारीख गेली त्या दिवशी मला, खरं सांगतो, थोडं हलकं वाटलं. आता काही करता येण्यासारखं उरलं नाही म्हणून.

काल कोर्टात फोन केला. बैल गेला नि झोपा केला. मार्लीनच बोलली. आता उघडता येत नाही म्हणाली.

कधी कधी मी स्वतःची समजूत घालतो, की डोळा तसाही वर्षभरात नडलाच असता. असता. पण हे वर्ष मावशीचं शेवटचं होतं. तिचे किती बुधवार मी घेतले ते मी मोजले आहेत, इथे लिहिवत नाही.

स्मशानातून परतताना तुझी गाडी मी चालवत होतो. ह्रुस्काच्या कोपऱ्यावर मी पाटीपाशी नुसता वेग कमी करून निघून गेलो. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "इथे थांबतात." एवढंच. तेव्हा सांगायला हवं होतं.

मला माफ कर. करवत नसेल तर तेही बरोबरच आहे.

लॉवेल

*

विनफोर्ड
८ जानेवारी २०१५

लॉवेल,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. लगेच लिहिलं असतं तर काहीबाही लिहिलं असतं, म्हणून थांबले.

रागावले आहे. ते आधी लिहून टाकते, कारण फोनवर तू विचारशील तर मी "सगळं ठीक" म्हणेन. डोळ्याचं तू म्हणतोस ते खरं असेल. मलाही गाडी सोडायचीच होती कधीतरी. पण किल्ली मी माझ्या हाताने खिळ्याला अडकवली असती. व्हिव्हियनला सांगितलं असतं, की आता मला आणायला-सोडायला कुणी बघू या, आणि मार्लीनला विचारलं असतं. मार्लीन हो म्हणाली असती.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. बायका होत्या आजूबाजूला, मुद्दाम त्यांच्या देखत गेले. म्हटलं, "मार्लीन, दंड माझ्या मुलाने भरला होता. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली."

ती म्हणाली, "मला माहीत आहे, आर्डिथ."

"कधीपासून?"

"तू खिडकीशी आलीस त्या दिवसापासून. पावतीवर त्याचं नाव होतं, माझ्या समोरच होतं."

"मग बोलली का नाहीस? जवळजवळ तीन आठवडे वेळ होता. मी तुला गावभर बदनाम केलं."

तिने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. म्हणाली, "तू म्हणालीस, लॉवेल मला विचारल्याशिवाय करणार नाही. ते तुझ्याकडून काढून घ्यायला माझा जीव धजला नाही. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

मग मला एक गोष्ट कळली ती तुलाही कळू दे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मार्लीन रस्ता ओलांडून व्हिव्हियनला पेपर वाचून दाखवायला जात होती. मला कुणी सांगितलं नाही, मार्लीननेच सांगू दिलं नाही. व्हिव्हियन पूर्ण पेपर ऐकायची, मृत्यूसुद्धा. फक्त कोर्टाचा रकाना वाचू द्यायची नाही. म्हणायची, "तो राहू दे. तो आर्डिथ आली की."

ते सात पेपर व्हिव्हियनच्या कपाटात होते, घडी घालून. मी घरी आणले आहेत. अजून उघडले नाहीत.

तू पत्रात माफी मागितलीस, कारणं दिलीस, दिवस मोजलेस. सगळं आहे त्यात. पोलिसाने चलान फाडलं, मशीनने दोषी ठरवलं, तू दंड भरलास, पेपरने छापलं. पण त्या कोपऱ्यावर काय झालं हे ऑगस्टपासून आजवर मला एकाही माणसाने विचारलेलं नाही. मला कोर्टात जिंकायचं होतं असं तुला वाटत असेल. मला निळा कोट घालून उभं राहायचं होतं आणि कुणीतरी विचारायला हवं होतं, तेवढंच.

आई

*

टुसॉन
१६ जानेवारी २०१५

प्रिय आई,

मार्लीनला वेगळं पत्र लिहिलं आहे.

तुला एकच विचारायचं आहे. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

वीस ऑगस्टला, ह्रुस्काच्या कोपऱ्यावर, तू पाटीपाशी थांबली होतीस का?

लॉवेल

*

विनफोर्ड
२१ जानेवारी २०१५, बुधवार

प्रिय लॉवेल,

मार्लीनने दारात हॉर्न वाजवला आहे. आम्ही व्हिव्हियनच्या थडग्यावर जातो आहोत, ते सात पेपर बरोबर घेतले आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

थांबले होते. एक, दोन, तीन मोजले. मग सरकले.

आई